पान उघडेपर्यंत

मोशीच्या शेतात बिल्डिंगी उभ्या राहून सात वर्षं झाली, तरी अर्जुनराव रोज सकाळी मोबाइलवर चाकणचा कांद्याचा भाव बघायचेच. ती वेबसाइट भारीच संथ. मग तळेगावला राहणाऱ्या लेकाला, शेखरला फोन जायचा. "उघडंना रे." "थांबा आप्पा, येईल," म्हणत शेखर लाइनवर थांबायचा. पान उघडेपर्यंत नातीची शाळा, आईचा गुडघा, सगळं बोलून व्हायचं.

पुढे तीच वेबसाइट वेगवान करायचं काम शेखरच्या कंपनीकडे आलं. महिनाभर खपून त्याने अवजड फोटो हलके केले, नको ते काढून टाकलं. आप्पांच्या मोबाइलसारख्या जुन्या मोबाइलवरही पान दोन सेकंदांत उघडू लागलं. साहेबांनी पाठ थोपटली.

त्यानंतर चार दिवस आप्पांचा फोनच आला नाही. शेखर सकाळचा चहा घेताना उगाच मोबाइलकडे बघत राहायचा.

पाचव्या दिवशी तो वाजला.

"उघडंना रे आज."

शेखरने घाईने लॅपटॉप ओढला. "बघतो आप्पा. कधीपासून?"

"मगाधरनं. तुझा आवाज बसलाय जणू. सर्दी झाली व्हय?"

"थोडीशी. आई बरी आहे ना?"

"बरी हाय. आज कांदा चांगलाच चढलाय म्हणलं तिला, तर म्हणती, आता आपल्याला काय त्याचं."

शेखरने लॅपटॉप हळूच मिटला.

"थांबा आप्पा," तो म्हणाला, "उघडेल. मी आहे लाइनवर."