निळा स्पेसबार

पायरीवर शेषरावांची काठी वाजली, तसा प्रसेनजितने कीबोर्ड मांडीवर ओढला. तारेचा चिमटा लावून खालचा निळा, लांब स्पेसबार उपटला आणि त्या जागी पांढरा बसवला. कट्ट आवाज झाला. निळा ड्रॉवरमध्ये गेला. शेषराव खुर्चीत टेकेपर्यंत तो त्यांच्या खरेदीखताचं पहिलं पान उघडून बसलाही होता.

मोताळ्यात तहसीलसमोर पंजाबराव वकिलांचं ऑफिस आहे आणि प्रसेनजित तिथला टायपिस्ट. दिवसभर खरेदीखतं, बक्षीसपत्रं, प्रतिज्ञापत्रं. ऑफिसच्या कीबोर्डने बोटं दुखायची, म्हणून त्याने पुण्याच्या एका कारागिराकडून हा मेकॅनिकल कीबोर्ड हौसेने बनवून घेतला होता. महिनाभर दोघांची फोनवर चर्चा. बटणं किती जड हवीत, आवाज किती यायला हवा, मराठी अक्षरं कुठल्या वळणाची. शेवटी कारागिराने विचारलं, स्पेसबारवर काही लिहायचंय का? प्रसेनजितने जराही न थांबता सांगितलं, निळ्यावर पांढऱ्या अक्षरात, जय भीम. कारागिराने जोडीला एक साधा पांढरा स्पेसबारही पाठवला, असावा म्हणून.

रविवारी धामणगाव बढ्याला घरी खोकं उघडलं, तेव्हा त्याची आई वच्छलाबाई पदराला हात पुसून जवळ येऊन बसली. त्याने तिला अक्षरं वाचून दाखवली.

"अन् याच्यावर अंगठा मारशीन तू?" तिने विचारलं.

"एक शब्द झाला का तिथं अंगठा जातेच, माय. म्हंजे दर शब्दाले आठवण."

हे तिला इतकं आवडलं की संध्याकाळपर्यंत अख्ख्या वस्तीला बातमी लागली. माह्या पोराच्या मशीनवर बाबासाहेबाचं नाव आहे, म्हणत ती चार घरं फिरून आली.

आज बुधवार. तीन दिवसांत तो निळा स्पेसबार ऑफिसात जेमतेम तासभर वापरला गेला असेल. कोणी काही बोललं नव्हतं, हे आधीच सांगायला हवं. पंजाबराव भला माणूस. वर्षभर कामं घेऊन येणाऱ्या शेषरावांनी कधी आडनावसुद्धा विचारलं नव्हतं. नावावरून जे कळायचं ते सगळ्यांना केव्हाच कळलेलं होतं, मग हा पठ्ठ्या लपवत काय होता? सोमवारी पहिला पक्षकार दारात दिसला आणि याचा हात आपोआप चिमट्याकडे गेला, एवढंच. त्यानंतर कोणीही आलं की कट्ट. दर वेळी त्याला स्वतःची लाज वाटायची आणि दर वेळी हात मागच्यापेक्षा चपळ चालायचा.

"मस्त वाजते बे तुहं मशीन," शेषराव म्हणाले. "जुन्या टाइपरायटरची याद आली."

तो हसला आणि चतुःसीमा टाइप करू लागला. पूर्वेस नाला, पश्चिमेस गाडीरस्ता.

तेवढ्यात दारात दोन बायका दिसल्या. पुढे वच्छलाबाई, मागे शेजारच्या सोजराबाई. बँकेचं काम आटोपून आल्या होत्या. दोघींनी चपला बाहेरच काढल्या.

"एक मिनिट फक्त, बाबू," आई म्हणाली. "सोजरेले तुहं बटन दाखोतो अन् जातो. लय मांगं लागली थे."

प्रसेनजितची बोटं थांबली. शेषरावांनी मात्र आपली खुर्ची मागे सरकवली. "या न बाई. पाहा, पाहा. पोराची हौस आहे."

सोजराबाई चष्मा सावरत वाकल्या. "कोनतं वं?"

"थे लंबं. खालचं." आईने बोट पुढे नेलं आणि ते तिथेच राहिलं. तिला वाचता येत नव्हतं. पण कोऱ्या बटणावर काही लिहिलेलं नाही, हे कळायला वाचता कशाला यायला हवं?

"काऊन रे, थे निळं कुठी गेलं?"

"खराब झालं थे," प्रसेनजित स्क्रीनकडे बघत म्हणाला.

तीन दिवसांत खराब? धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. आईने त्याच्याकडे पाहिलं, मग शेषरावांच्या कडक इस्त्रीच्या सदऱ्याकडे, मग पुन्हा त्याच्याकडे. ती रागावली असती तर त्याला चाललं असतं. चार लोकांत बोलली असती तरी चाललं असतं. ती रागावली नाही. तिला सगळं कळलं, आणि कळल्यावर तिने मान फिरवली.

"अवं, हे दुसरं आहे," ती सोजराबाईंना म्हणाली. "थे घरी ठेवलं त्यानं. इथं धूळ लय."

"मंग तू तं म्हने ऑफिसात हाये, चाल दाखोतो."

"माह्याच ध्यानात नाही राह्यलं. म्हातारपन आलं आता."

त्याने आईला आजवर कुणाशी खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. हे ती इतकं सहज बोलली की शेषरावही हसले. "होते असं बाई," म्हणाले, "माह्या घरीबी हेच चालू आहे." प्रसेनजितला मान वर करवेना. ड्रॉवर हाताशीच होता, किल्लीसुद्धा लावलेली नव्हती. त्याने हात हलवला नाही.

बायका निघाल्या. सोजराबाई दाराशी वळल्या. कोणाच्याही घरातून निघताना जोडायच्या तसे त्यांनी हात जोडले आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली, "बरं बाबू, जय..."

आईने त्यांचं कोपर धरलं.

"चाल वं लवकर," ती हळूच म्हणाली. "त्याच्यापाशी लोकं बसेल आहेत."