भाताचं आमलेट

तुळजाबाईनं चौथं अंडं वाटीत फोडलं आणि नवऱ्याला विचारलं, "मंग फुडं सांगा. ती बाई काय करायची?"

"पातळ पसरायची. बिलकुल धिरड्यावानी," भुजंग म्हणाला. "त्यावर तांबडा भात. दोन्हीकडून घडी घालायची, अन् उलटं करायचं. बस्स."

"बस्स म्हणायला काय जातंय तुमचं?"

तीन आमलेटं आधीच कामातून गेली होती. पहिलं करपलं, दुसरं फाटलं, तिसऱ्यातला भात उलटताना राखेत सांडला. हा सगळा खटाटोप अंगणात तीन दगडांच्या चुलीवर चालला होता, कारण घरातल्या चुलीवर अंडं चढवायला झुंबरबाईंची सक्त मनाई. सासूबाई स्वतः अंड्याला शिवत नसत, पण उंबऱ्यात बसून सुनेचं काय काय बिघडतंय ते डोळ्यांत तेल घालून बघत होत्या.

"सणाचा तांदूळ हाय त्यो," त्या म्हणाल्या. "राखंला निवद दाखवू नको."

भुजंग मराठा पलटणीतला शिपाई. लढाई संपल्यावर हरलेल्या जपानात पहाऱ्याला पलटण गेली, तिच्याबरोबर तोही गेला आणि दीड वर्षानं पलटणीतून नाव कापून घेऊन आष्टीला परतला. पण परतला म्हणायचं तरी कसं? बारा दिवस त्याच्या तोंडी एकच गोष्ट होती: छावणीजवळ खानावळ चालवणारी एक बाई आणि तिचं भाताचं आमलेट. ताटावर बसायचा, दोन घास चिवडायचा आणि उठायचा. आता तर सोमवारी परतूरहून गाडी धरतो, बेळगावला जाऊन पलटणीत पुन्हा नाव लिहितो, असं त्यानं जाहीर केलं होतं.

काल आडावर शेजारची चतुराबाई सगळ्यांदेखत म्हणाली, "तुळजाचा नवरा घरी आला खरा, पण जेवायला अजून जपानातच बसतोय."

बायका हसल्या. तुळजाबाईला ते फार लागलं. पण रडून-भेकून माणूस थांबत नाही, एवढी अक्कल तिला होती. आणि डोळे मिटून धिरडी घालणाऱ्या आपल्या हाताला एक अंडं हरवतं, हे तर तिला मुळीच कबूल नव्हतं. घागर कमरेवर घेत ती म्हणाली, "उद्या आष्टीत जेवत्याल."

"किती वयाची व्हती?" अंडं फेटता फेटता तिनं विचारलं.

भुजंगनं तिच्याकडं पाहिलं. "तुझ्याएवढीच असंल."

तुळजाबाई अंडं आणखी जोरात फेटू लागली.

"नवरा लढाईत गेल्ता तिचा," भुजंग सांगू लागला. "तांदूळ आम्ही न्यायचो, अंडं तिचं. खाऊस्तोवर समोर बसून राहायची. एक शब्द बोलायची न्हाई, अन् आपल्याला तरी कुठं कळणार? नुसती बसायची. घरापासून इतक्या लांब, कुणीतरी समोर बसलंय..."

त्यानं चुलीतलं लाकूड आत सारलं.

तुळजाबाईनं तव्यावर तेल फिरवलं. अंडं पसरलं. कांदा, टमाटे आणि गुळाचा खडा घालून परतलेला भात मधोमध ठेवला, कडा आत दुमडल्या आणि उलथनं उचललं. तिथंच ती थबकली. गेल्या दोन्ही वेळा घात इथंच झाला होता. तव्यावरची वस्तू उलथन्यानं उलटायची, हे तिच्या हाताला लहानपणापासूनचं वळण होतं.

"तिच्या हातात उलथनं व्हतं का?"

भुजंगनं डोळे बारीक केले. "न्हाई. बशी व्हती."

"बारा दिवस सांगून राह्यलात, अन् बशीचं आत्ता सांगता व्हय?"

तिनं उलथनं टाकलं. सांडशीनं तवा उचलला, त्यावर ताट पालथं घातलं, पदरानं दाबून धरलं आणि एका हिसक्यात तव्यासकट सगळंच उलटं केलं. ताटात पिवळंधमक आमलेट बसलं होतं. एवढीशी चीर नव्हती त्याला.

"अगं बया!" झुंबरबाईंच्या तोंडून निघून गेलं.

तुळजाबाईनं ताट नवऱ्यापुढं ठेवलं. रीतीप्रमाणं आता तिनं आत जायचं. चुलीच्या कामात चार शब्द बोललं तर चालायचं, पण नवरा जेवत असताना सासूदेखत त्याच्यापुढं बसणं या घरात कुणा सुनेनं केलं नव्हतं. तुळजाबाईनं पदर सावरला आणि ती भुजंगच्या बरोबर समोर मांडी घालून बसली.

झुंबरबाईंनी घसा खाकरला. सुनेनं मान वळवली नाही.

भुजंगनं पहिला घास घेतला. दुसरा घेतला. तुळजाबाई त्याच्या तोंडाकडं बघत होती.

"तिच्यावानी झालं का?"

"न्हाई," तो खरं तेच बोलला. "तिचं मऊ व्हायचं. न चावता गिळावं असं."

"अन् हे?"

तो चावत राहिला. तिसरा घास, चौथा घास. मग इकडंतिकडं बघत म्हणाला, "ह्याच्यासंगं भाकर पायजे. हाय का?"

"हाय," तुळजाबाई म्हणाली. "पण बेळगावला जाणाराला न्हाई. हितं राहणाराला हाय."

भुजंगनं एकदा आईकडं पाहिलं, एकदा समोर बसलेल्या बायकोकडं. मग दोन्ही हातांनी ताट उचलून त्यानं भाकरीसाठी तिच्यापुढं धरलं.