काळी-पांढरी दोरी

"आपा, ही कुठली दोरी काढलीत? ही तर तान्ह्या पोरांच्या पायात बांधतात!"

"मग? बर्फावर तुझं वय काय? दहा दिवस!" झूरा आपा गुडघे टेकून मेलिसच्या दोन्ही स्कींची टोकं एकमेकांना बांधत होत्या. दोरी लोकरीची होती, एक पदर काळा, एक पांढरा. पोर उभं राहायला लागलं की तिच्यानंच त्याचे पाय बांधायचे, मग पोरांची शर्यत लावून जिंकणाऱ्यानं ती कापायची आणि पोराला चालायला सोडायचं. चोन-बुलाक गावात असं एकही माणूस नव्हतं, ज्याच्या पायातली ही दोरी कुणी कापली नव्हती.

मेलिस सप्टेंबरपासून इथल्या स्की केंद्राचा संचालक होता. "मी तर स्कीवरच वाढलो," असं त्यानं मुलाखतीत ठोकून दिलं होतं, आणि सासऱ्यांची ओळख असल्यामुळं ते खरं धरलं गेलं. प्रत्यक्षात राजधानीतल्या कचेरीतल्या चाकांच्या खुर्चीखेरीज तो आयुष्यात कशावरूनही घसरला नव्हता. नव्या हंगामाची तयारी मात्र त्यानं झोकात केली. कठड्यांना रंग दिला, स्वतःच्या फोटोचा भला मोठा फलक लावला. उताराच्या पायथ्याशी एक लाकडी खोली होती. तिथं झूरा आपा चाळीस वर्षं पोरांना स्की शिकवत आल्या होत्या. ती त्यानं रिकामी केली, बड्या पाहुण्यांसाठी चामडी सोफे आणून ठेवले आणि दाराला कुलूप ठोकलं. पोरांच्या स्की गेल्या ताडपत्रीखाली.

मग वरून पत्र आलं. उद्घाटनाला जिल्ह्याचे प्रमुख, म्हणजे खुद्द अकीमसाहेब येणार, आणि रिवाजाप्रमाणं संचालक सगळ्यांच्या आधी उतार उतरणार. मेलिसच्या तोंडचं पाणी पळालं. दुसऱ्या दिवशी सकाळीच तो आपांच्या दारात हजर.

"आपा, माझी अब्रू आता तुमच्या हातात."

"आधी थांबायला शिकशील की पळायला?"

"थांबायचं शिकायला वेळ कुठाय, आपा? कसाबसा खाली पोचलो की झालं."

म्हणून ही दोरी. टोकं बांधलेली असली की स्की फाकत नाहीत, पळत नाहीत, माणूस बदकासारखा डुलत डुलत खाली येतो. अकीमसाहेब पायथ्याशी, रिबिनीजवळ उभे राहणार. तिथून कुणाच्या बापाला दोरी दिसतेय!

तेवढ्यात त्या दोघांच्या मागं, उताराच्या माथ्यावरच्या रोपवेच्या पाळण्यांचं चाक कुरकुरलं. पहिल्या पाळण्यातून अकीमसाहेब उतरले, मागच्यातून दोन कॅमेरेवाले, आणि त्यांच्या मागून तबक घेतलेली बाई. तबकात कात्री.

अकीमसाहेबांची नजर थेट मेलिसच्या पायांकडं गेली. तिथून ती आपांकडं वळली. मग एकदम खूश होऊन म्हणाले, "अरे वा! याला म्हणतात डोकं! नव्या हंगामाचं पहिलं पाऊल, आणि पायात दोरी! घ्या रे, फोटो घ्या!"

"साहेब, रिबीन खाली आहे..."

"रिबिनी काय, आम्ही रोजच कापतो." त्यांनी कात्री उचलली.

आपा मेलिसच्या कानाशी पुटपुटल्या, "सांग की रे त्यांना, कशाला बांधलीय ते. मी सोडते, आपण चालत खाली जाऊ."

एवढं एक वाक्य बोलला असता तर तो वाचला असता. पण मग खुर्ची गेली असती. मेलिसनं उताराकडं पाहिलं, मग कॅमेऱ्यांकडं पाहिलं.

"कापा, साहेब."

कचकन दोरी तुटली. "धाव, शिंगरा, धाव!" म्हणत अकीमसाहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

मेलिस सुटला. तो आईच्या नावानं ओरडत होता, खालच्या बँडवाल्यांना तो जल्लोष वाटला, त्यांनी आणखी जोरात वाजवायला घेतलं. रिबीन त्याच्या गळ्यात आली. स्वतःच्या फोटोतून तो नाकाच्या जागी आरपार गेला. लाकडी खोलीच्या दाराशी आपांनी सकाळपासून गवताच्या पेंढ्या का रचल्या होत्या, ते कुणाला कळलं नव्हतं. मेलिस त्या पेंढ्यांवर आदळला, कुलूप कोयंड्यासकट उखडलं, आणि संचालकसाहेब गवतासकट सोफ्यावर जाऊन बसले.

पाळण्यातून खाली उतरून अकीमसाहेब टाळ्या वाजवतच आत आले. "काय वेग हो! जानेवारीच्या शर्यतीत जिल्ह्यातर्फे तुम्हीच उतरायचं. शिकलात कुठं?"

मेलिसच्या तोंडात गवत होतं. खोटं बोलायलाही आता जागा नव्हती. "इथंच, साहेब. या खोलीत. आपांकडं."

"असं? मग इथं सोफे कशाला?"

दुपारपर्यंत सोफे बाहेर बर्फात होते आणि पोरांच्या स्की आत भिंतीला टेकल्या होत्या.

सगळे पांगल्यावर तो लंगडत आपांकडं आला. निरुपयोगी किल्ली त्यानं त्यांच्या हातावर ठेवली. "आपा, मी उद्या किती वाजता येऊ?"

"नऊला पोरं येतात. तू रांगेत त्यांच्यामागं उभा राहा."

"बरं. पण एक सांगा, अकीमसाहेब तर खालीच थांबणार होते. त्यांना वर कुणी बोलावलं?"

"मी," तुटलेल्या दोरीची टोकं गाठीनं जोडत आपा म्हणाल्या. "पस्तीस वर्षांपूर्वी त्याच्याही स्की मी अशाच बांधल्या होत्या. फक्त त्याची दोरी मी कापली, ती त्याला थांबता यायला लागल्यावर."