छातीवरचं कोरं कापड

"कोणाच्या स्मरणार्थ धावताय? नाव सांगा," हातात ब्रश घेतलेल्या बाई म्हणाल्या.

वाल्मीकच्या ओठावर आलेलं बापाचं नाव तिथंच अडलं. शहाऐंशी सालची गोष्ट. कॅन्सरच्या दवाखान्याला देणगी जमवायची म्हणून नाशकात मॅरेथॉन निघाली होती. ज्यानं त्यानं आपल्या गेलेल्या माणसाचं नाव छातीवरच्या कापडावर रंगवून घ्यायचं आणि धावायचं, असा बेत. वाल्मीक म्हणाला, राहू द्या कोरंच. आणि तसाच धावायला लागला.

बाप सहादू गेल्या पावसाळ्यात घशाच्या कॅन्सरनं गेला. पण हे घरातल्या माणसांनाच माहीत. जगाला त्यांनी कावीळ सांगितली होती. नाहीतर काय करणार? एकदा का 'तो रोग' म्हटलं, की लोक घरचं पाणी पीत नाहीत आणि लेकीला स्थळ येत नाही. तरी कुणकुण लागायची ती लागलीच. सहादू अंथरुणाला खिळलेला असतानाच वाल्मीकच्या बहिणीची, चंद्रभागेची, दोन स्थळं त्या कुजबुजीनं मोडली. मग आई विमलाबाईनं कंबर कसली. मुंबईला विजेचा शेक देऊन देऊन नवऱ्याचा गळा काळाठिक्कर पडला होता. त्यावर तिनं वैदूकडून आणलेली काविळीची माळ घातली आणि आल्यागेल्याला ती माळ दाखवत बसली. बिचारा सहादू! मरताना धड स्वतःचं दुखणंसुद्धा त्याच्या वाट्याला आलं नाही.

आता तिसरं स्थळ चालून आलं होतं, दिंडोरीचं. मुलगा कारभारी. घरचा द्राक्षाचा मळा, स्वभावानं शांत. एरवी पोहे देताना पायाच्या अंगठ्याकडे बघणारी चंद्रभागा या वेळी मान वर करून बघून आली होती. चार दिवस घरात गुणगुणत होती. येत्या रविवारी सुपारी फुटायची होती. विमलाबाईनं वाल्मीकला बजावलं होतं, धावायचं तर खुशाल धाव, पण तिथं बापाचं नाव काढलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील.

गंगापूर रोडवर ऊन चढलं. वाल्मीकच्या आजूबाजूनं नावंच नावं पळत होती. कुणाची आई, कुणाचा भाऊ, कुणाची एवढीशी लेक. त्या सगळ्यांचा त्याला हेवा वाटला. निदान उघड्यावर रडायची तरी त्यांना सोय होती. हा मात्र घाम पुसल्यासारखं करून डोळे पुसत होता. आपण बापाला पुन्हा एकदा जाळतोय, असं त्याला वाटत होतं.

शेवटच्या वळणाअलीकडं एक जण लंगडत चालला होता. वाल्मीक त्याच्या बरोबरीला आला. सहज नजर गेली, तर त्याच्याही छातीवरचं कापड कोरं. मग तोंडाकडं बघितलं, तर तो कारभारी होता.

दोघांचेही हात एकदमच छातीवर गेले. चोरी पकडल्यावर माणसाचं होतं तसं दोघांचं तोंड झालं. मग कारभारीच खालमानेनं म्हणाला, "आई. छातीत गाठ व्हती तिच्या. गावात साप चावला म्हून सांगितलं. नायतर माझं लगीन जमलं नसतं."

वाल्मीकनं त्याचा दंड घट्ट धरला. "माझा बाप," एवढंच त्याला म्हणता आलं.

रस्त्याच्या कडेला ही दोन बापे माणसं लहान पोरांसारखी हमसून रडली. मग एकमेकांना धरून त्यांनी उरलेलं अंतर संपवलं आणि आधी त्या ब्रशवाल्या बाईंना गाठलं. एकाच्या छातीवर सहादू लिहिलं, दुसऱ्याच्या कुसाबाई. निघताना कारभारी म्हणाला, आता लपवायचं काय राहिलं, मी घरी मोकळं सांगतो, तुम्हीही सांगा. कित्येक महिन्यांनी वाल्मीकच्या छातीवरचं ओझं उतरलं.

बापाचं नाव मिरवत तो पंचवटीतल्या घरी आला. विमलाबाई दारात तांदूळ निवडत होती. नवऱ्याचं नाव बघून तिनं सूप टाकलं आणि आधी दार लावून घेतलं. वाल्मीकनं तिला खाली बसवलं आणि सगळं सांगितलं. कारभारीची आई कशानं गेली, तो कसा रडला, आता कोणी कोणाशी खोटं बोलायचं कारणच उरलं नाही. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात चंद्रभागा उभी होती. ऐकता ऐकता तिचा चेहरा उजळला.

विमलाबाई लेकाच्या छातीवरच्या नावावरून हात फिरवत राहिली. डोळ्यांतलं पाणी खळत नव्हतं. खूप वेळानं तिनं पदरानं तोंड पुसलं.

"बरं झालं बाबा, सुपारी फुटायच्या आधी कळलं," ती म्हणाली. "असल्या रोगाच्या घरात आपली पोर कशी लोटायची?"