सटवाचं लाव

बायनाबाई येऊन पुढंच बसली होती. तिला बघून गहिनीनाथ प्रोजेक्टरकडं वळला. त्याची वायर कॅमेऱ्यात पुन्हा पुन्हा खोचावी लागली.

हॉल गावातल्या दूध सोसायटीचा होता. दुष्काळात जनावरं चारा छावणीला गेली, दूध आटलं आणि सोसायटीला कुलूप लागलं. गहिनीनाथ बीडच्या एका लोकल चॅनेलचा कॅमेरामन. टँकरच्या रांगा, छावण्या, मोर्चे, पुढाऱ्यांचे पाहणी दौरे टिपत दिवसभर मोटारसायकलवर हिंडायचा. सिनेमाचं वेड त्याला अंबाजोगाईला कॉलेजात असताना लागलं होतं. चेअरमन आप्पारावांच्या मागं लागून त्यानं हॉलची किल्ली मिळवली, भिंतीवर धोतर ताणलं आणि दर शनिवारी दिवेलागणीला गावाला सिनेमा दाखवायला सुरुवात केली.

पण लोक काही सिनेमासाठी येत नव्हते. शिरूर कासारच्या बाजूचं गाव; दिवाळी झाली की तरणी माणसं ऊसतोडीला जायची. मागं उरायची म्हातारी, लेकरं आणि थोडे गडी. बातमीसाठी कारखान्याकडं गेला की गहिनीनाथ वाट वाकडी करून गाववाल्यांच्या कोप्यांवर, पाचटाच्या झोपड्यांवर जायचा. एकेकाला कॅमेऱ्यापुढं उभं करून घरच्यांशी बोलायला लावायचा. शनिवारी आधी ते दाखवायचा आणि मग सिनेमा. पडद्यावर आई दिसली की लेकरं उठून भिंतीला हात लावायची. बायनाबाई तर पडद्याशी भांडायची. तिचा लेक सटवा काही बोलला की ही खालून उत्तर द्यायची आणि सगळा हॉल हसायचा. या खेपेलाही सटवाला टिपून आणलंय, असं गहिनीनाथनंच तिला परवा वाटेत सांगितलं होतं.

आज सकाळी चॅनेलचा फोन आला. उसाची ट्रॉली उलटलीय, जवळ कोण आहे? गहिनीनाथच जवळ होता. तो पोचला तेव्हा लोक हातानं ऊस उपसत होते. त्यानं सवयीनं कॅमेरा सुरू केला. फोकस नीट करताना उसाखालच्या माणसाचा चेहरा ओळखू आला. तो सटवा होता. अंगात जीव नव्हता. कॅमेरा बंद करायचंही गहिनीनाथला सुचलं नाही.

बीडला ऑफिसात टेप उतरवून घेतली. अपघाताचं चित्रण सगळ्यांच्या आधी आपल्याकडं आलं म्हणून साहेबांनी त्याची पाठ थोपटली. त्याला तिथं उभं राहवेना. टेप खिशात टाकून तो गावाकडं निघाला. बायनाकाकूला दुसऱ्या कुणी सांगायच्या आत आपणच सांगायचं, असं त्यानं रस्ताभर स्वतःला बजावलं. तिच्या घराला कडी होती. ती हॉलमध्ये येऊन बसली होती.

तो तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. हॉल भरला होता, पण गडी माणसं दिसत नव्हती. छावणीवर गेली असतील, असं त्याला वाटलं. आज कोणता सिनेमा, असं कुणी विचारलं नाही. लेकरंसुद्धा आज्यांना चिकटून बसली होती.

“काकू, टेप खराब झालीय आज,” तो म्हणाला. “जरा बाहेर येता का? बोलायचं होतं.”

“मंग बोलू,” ती म्हणाली. “आधी सटवाचं लाव. दिसंल तेवढं दिसंल.”

त्याचा इलाज चालेना. टेपा पुरवून वापराव्या लागायच्या. सटवाचं बोलणं संपलं की त्याच टेपवर, लगेच पुढं, सकाळचं सगळं होतं. बंद करायला जरा उशीर झाला, तर आईला ते दिसणार होतं. त्यानं टेप सुरू केली आणि बोट बंद करायच्या बटणावरच ठेवलं.

पडद्यावर सटवा आला. उसाच्या पाचटात उभा. डोक्याचा गमछा सोडून मिशीला पीळ देत होता.

“कुठं बघू बे, गहिन्या? ह्याच्यात?” म्हणाला आणि हसला.

मग आईशी बोलला. टँकर आला की गर्दीत घुसू नको म्हणाला. गुडघ्याला तेल लावत जा म्हणाला. शेळी व्याली का, पाट झाली का बोकड, ते विचारलं. पाडव्याला येतो, तवर पुरणाला डाळ राखून ठेव, असं सांगून तो कोपीकडं वळला. गहिनीनाथनं बटण दाबलं. पडदा कोरा झाला.

बायनाबाईनं एकाही गोष्टीला उत्तर दिलं नव्हतं. तिची शेजारीण ताराबाई मागं बसली होती, तिनं तोंडात पदर कोंबला.

गहिनीनाथ पुढं जाऊन बायनाबाईसमोर खाली बसला. आता सांगायलाच हवं होतं. “काकू, सटवा...” एवढंच त्याला म्हणता आलं.

तिनं त्याच्या तोंडावर हात ठेवला.

“दुपारीच निरोप आला, लेकरा. गडी जीप घेऊन त्याला आणायलाच गेलेत,” ती म्हणाली. “घरी आणतील तवा त्यो बोलायचा न्हाई. परत लाव.”