दोन मशीनी आणि एक लुगडं

बायजानं ते लुगडं पुन्हा जुन्या मशीनमध्ये टाकलं आणि चंद्रा पुढं धावली.

"आत्ती, परवाच धुतलंय की ते!"

"धुतलंय. परत धुते," सासू म्हणाली. "तू बस तिकडं. बादलीला हात लावू नको."

चंद्रा पडवीत जाऊन बसली. हल्ली हे असंच. पाण्याची बादली उचलायला गेलं की म्हातारी हातातून ओढून घ्यायची. सुनेचा हातसुद्धा नकोसा झाला म्हणायचा!

जुनी मशीन म्हणजे एक धूडच होतं. सुपा धरणाच्या कामावरचा कोणी साहेब बदली होऊन जाताना चंद्राच्या सासऱ्याला देऊन गेलेला. पत्र्याचं गोल पिंप, आत मोठाले पंखे, वर पिळायला दोन रबरी रूळ. सुरू झाली की निम्मं रामनगर जागं होईल असा घरघराट. पण चंद्राला अलीकडे त्याच आवाजात डुलकी लागायची. पिंपातलं पाणी हिरवट दिसायचं, फेस हळूहळू फिरायचा. वाटायचं, धरणात बुडालेलं जुनं सुपं गाव तिथंच खाली आहे, तिनं कधी न पाहिलेलं. आणि त्याच्या कौलांवरून कुणाचीतरी लुगडी तरंगत चाललीत. डोळे उघडले की मशीन थांबलेली असायची आणि ऊन अंगणभर पसरलेलं.

शेजारी नवी मशीन उभी होती, पांढरीशुभ्र. चंद्राच्या नवऱ्यानं, परशुरामनं, ती बेळगावहून हौसेनं आणलेली.

"आई, हिच्यात नाजूक कपड्यांचं येगळं बटन हाय," त्यानं बायकोदेखत आईला समजावलं होतं. "अशी मऊ धुती, की लुगडं वर्सानुवर्सं नव्यागत ऱ्हातंय."

"मग काय कामाची ती?" म्हणून बायजानं तिच्यावर डाळीचा डबा ठेवून दिला होता. आता बोला!

इतर कपड्यांचं चंद्राला काही नव्हतं. जीव अडकला होता तो त्या लुगड्यात. बायजाची जुनी लुगडी एकूण एक वाकळांत शिवली गेली होती, म्हणून दसऱ्याला चंद्रानं खानापूरच्या बाजारातून सुती इरकल निवडून आणलं. असं करकरीत, की उभं केलं तर उभं राहील. लग्नाला इतकी वर्षं झाली, घरात पाळणा हलला नव्हता. सासूनं तोंडानं कधी टोमणा मारला नाही, पण मनातलं कोण जाणे! निदान या लुगड्यानं तरी ती आपल्याला जवळ करील, एवढीच तिची आस.

बायजानं ते कौतुकानं पेटीत ठेवलं. आणि थंडी सरता सरता काय अंगात आलं देव जाणे, रोज तेच नेसू लागली. शेणात तेच, चुलीपुढं तेच. नेसायचं आणि त्या राक्षसी पिंपात घालून बडवायचं. रंग उडाला, काठ विटले, पोत गळून गेला.

शेजारची फुला वाळत घातलेलं लुगडं बघून म्हणाली, "नवी मिशीन दारात असून सुनंनं दिलेलं असं बडवायचं? लक्षान बरं न्हाई बाई."

चंद्रानं हसण्यावारी नेलं, पण त्या दिवशी तिला घास गोड लागला नाही. संध्याकाळी सासू परशुरामला सांगत होती, तेही तिनं दाराआडून ऐकलं.

"खानापूरला सांगावा धाड. पोरीला म्हायेरी पोचवायची हाय."

"का गं?"

"मी सांगते तवा."

झालं. एवढ्या वर्षांत जे ओठावर आलं नव्हतं, ते शेवटी आलंच. चंद्रा चुलीपुढं बसून रडली. धुराचं निमित्त होतंच.

शिमगा तोंडावर आला होता. दुपारी तिला पडवीत अशीच झापड आली. पाणी, फेस, तरंगणारी कौलं... आणि कुठूनतरी 'टर्र' असा आवाज. मग पुन्हा 'टर्र'.

ती दचकून उठली. अंगणात उन्हात बसून बायजा ते लुगडं फाडत होती. मांडीशी चौकोनी तुकड्यांचा ढीग पडला होता.

"आत्ती!" चंद्राचा आवाज फाटला. "एवढा राग हाय माझा, तर तोंडानं सांगायचं! धाडा मला म्हायेरी, पर त्या लुगड्यानं काय पाप केलंतं?"

बायजानं तिला हाताला धरून खाली बसवलं. एक तुकडा उचलून तिच्या ओल्या गालावर फिरवला. साईसारखा मऊ.

"टोचतंय का बघ."

"न्हाई," चंद्रा हुंदका देत म्हणाली.

"झालं तर मग. नवं कापड बाळाच्या अंगाला टोचतंय. आजीनं नेसून, धुऊन मऊ केलेलंच लागतंय."

"कुणाच्या बाळाच्या?"

बायजानं हातातला तुकडा मांडीवर ठेवला.

"अगं येडे, तुला अजून कळलंच न्हाई व्हय?"