पदकाची नोंद, जशीच्या तशी

"सही होणार नाही," नत्थूजी जाळीच्या दाराआडूनच म्हणाले आणि त्यांनी नाकाला रुमाल लावला.

पायरीवर रुपराव ठवकर उभा होता. काखेत फाइल. मौद्याजवळच्या गावाहून पहिल्या एसटीनं निघालेला, शहरात सीताबर्डीवर ऑटोवाल्याशी भांडून मनीषनगरात पोचलेला. ही चौथी खेप. चारही वेळा नत्थूजींनी रुमालच काढला. अडतीस वर्षं झाली, हा माणूस रुपराव दिसला की नाक झाकतो.

"दार त उघड गा. तुह्या घरी राहाले नाही आलो."

"तिथूनच बोल."

दोघं एकाच पलटणीतले. बर्फातल्या एका चौकीवर नत्थूजी खाली पडले, तेव्हा कमरेला दोर बांधून रुपरावच उतरला होता. खांद्यावर टाकून त्यानं त्यांना वर आणलं. त्या दिवशी चौकीतल्या कोणी दोघांना शेगडीजवळ बसू दिलं नाही. थंडीनं रुपरावची दोन बोटं गेली. पुढं पदक मिळालं, साहेबांनी छातीवर लावलं, फक्त पलटणीचा कारकून सर्व्हिस बुकात नोंद करायची विसरला.

इतकी वर्षं रुपरावचं त्यावाचून काही अडलं नाही. पण आता गावात ग्रामपंचायतीसमोर पदकवाल्या फौजींच्या नावांची शिळा बसणार होती, आणि नोंद नाही तर नाव नाही. चौकातला चंद्रभान त्याला ऐकू जाईल असा बोलायला लागला होता, की पदक सीताबर्डीच्या फुटपाथवरून आणलं असन. रेकॉर्ड ऑफिसनं कळवलं, हयात साक्षीदाराचं बयान आणा. चौकीतल्या सहा जणांपैकी, रुपराव सोडून, हयात एकच होता. तो जाळीच्या आड उभा होता.

"तुहा जीव वाचवला मी. अन् तू एक सही नाही देऊन राहिला."

"मी बोलावलं होतं तुले?"

"हो ना. माह्या नावानं बोंबलून राहिला होता."

"अहो, पाणी तरी द्या त्याईले," आतून इंदुताई म्हणाल्या.

"पाणी दे. सही नाही."

पाणी घेऊन आली ती नात, भूमिका. वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला होती. ग्लास देता देता तिनं रुपरावच्या हातातला कागद घेतला आणि उभ्या उभ्याच वाचला.

"आजोबा, यात तर लिहिलंय की यांनी तुम्हाला वाचवलं. तुम्ही तर सांगता, तुम्ही यांना वाचवलं."

नत्थूजींचा रुमाल खाली आला. दर सव्वीस जानेवारीला कॉलनीचा झेंडा तेच लावत आणि ही गोष्ट तेच सांगत. गोष्ट दरवर्षी थोडी वाढे.

"असं होय काय?" रुपराव म्हणाला. "मी उतरलो, अन् वाचवलं यानं. वा रे फौजी."

"मग सही करा ना, आजोबा. काहून घाबरता?" भूमिकानं पेन उघडला. "भरते मी. घटनेचं ठिकाण?"

रुपराव आपल्या चपलेकडे बघत राहिला. नत्थूजी छताकडे.

"दरी," नत्थूजी म्हणाले.

"दरीच," रुपराव म्हणाला.

"किती खोल?"

"शंभर फूट."

"दोनशे लिव, पोरी," नत्थूजी म्हणाले.

अडतीस वर्षांत दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं. नत्थूजींनी जाळीच्या फटीतून हात काढून सही केली.

"आता हे तोंड पुन्हा दाखवू नको."

"नाही दाखवत. तू शिळेवर येऊन वाच."

अर्जाच्या शेवटी रुपरावनं आपल्या हातानं एक ओळ वाढवली : उत्तर थेट ग्रामपंचायतीस पाठवावे. पत्र आधी सगळ्या गावानं बघावं, चंद्रभाननं तर सगळ्यात आधी.

ग्रामसभेचा ठराव पक्का होता. मागच्या बोर्डावर एका स्वयंपाक्याला सुभेदार केलं होतं आणि त्यावरून पोळ्याच्या दिवशी काठ्या निघाल्या होत्या. म्हणून या वेळी रेकॉर्ड ऑफिसचा मजकूर जसाच्या तसा कोरायचा. काना नाही, मात्रा नाही, काही बदलायचं नाही.

पंधरा ऑगस्टला नत्थूजी कोट घालून आले. शिळेवर आपलंही नाव आहे, एवढं त्यांच्या कानावर गेलं होतं. सोबत इंदुताई, भूमिका आणि एका ट्रॅव्हल्समध्ये भरून आणलेली अर्धी कॉलनी. पहिली रांग त्यांनीच धरली. रुपराव दिसताच त्यांनी सवयीनं नाकाला रुमाल लावला. रुपरावनं छातीवरचं पदक सरळ केलं आणि चंद्रभानकडे बघून मिशी पुसली.

सरपंच कामिनीताईंनी कापड ओढलं. कारागिरानं जावक क्रमांकसुद्धा कोरला होता. ताईंनी तोही वाचला आणि मग माइकवर, शाळेत धडा वाचावा तसं, पुढचं :

"शिपाई रुपराव ठवकर यांनी जिवाची पर्वा न करता, वरचा बर्फ फुटून चौकीच्या संडासाच्या खड्ड्यात कमरेपर्यंत रुतलेल्या नायक नत्थू मोहतुरे यांना बाहेर काढले. सबब पदक. नोंद घेतली. टीप : साक्षीदार म्हणतात ती दोनशे फूट दरी जुन्या रजिस्टरात आढळत नाही. खड्डा नऊ फूट."

मंडपात कोणी हललं नाही. चंद्रभान तेवढा खुर्ची ओढून रुपरावपासून लांब सरकला.

नत्थूजींनी रुमाल हळूच खिशात घातला. मनीषनगरच्या अख्ख्या रांगेनं आपापला बाहेर काढला.